ओढून बघायचं राहिलं

"जुई, बाबाला सांग, थोडं उजवीकडे घे."

जुई तेव्हा दहा महिन्यांची होती. पिकअप ट्रकच्या मागच्या सीटवर, तिच्या छोट्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली. खिडकीची काच खाली होती. तिने चावायची रबरी कडी तोंडातून काढली, माझ्याकडे बघून हसली आणि परत तोंडात घातली. मकरंदने मात्र ऐकलं. त्याने स्टिअरिंग जरासं फिरवलं आणि ट्रक मागे मागे आमच्या घराकडे येऊ लागला.

घर म्हणजे बत्तीस फुटांचा ट्रेलर. नेब्रास्काच्या पश्चिमेला, एका गावाबाहेरच्या ट्रेलरांच्या तळावर तो सहा महिने उभा होता. मकरंद पवनचक्क्या उभारायच्या कामावर इंजिनिअर. एका ठिकाणच्या चक्क्या फिरू लागल्या की पुढचं ठिकाण. तिथे भाड्याची घरं नसायची, गावंच धड नसायची. म्हणून घरच बरोबर न्यायचं.

ट्रेलरच्या नाकाखाली एक जाड लोखंडी खुंटा होता, वरून खाली आलेला. त्याला धरणारी बैठक ट्रकच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर, बोल्टांनी आवळून बसवलेली. इकडे तिला फिफ्थ व्हील म्हणतात, पाचवं चाक. चाकासारखं तिच्यात काही नाही. वरचा भाग काळा, सपाट, ग्रीसने माखलेला, म्हणून आम्ही तिला तवा म्हणायचो. तव्याला मागच्या बाजूने खाच. ट्रक मागे आला की खुंटा त्या खाचेत शिरायचा आणि आतले दोन जबडे त्याला दोन्हीकडून कवळायचे. खट्.

माझं काम बाजूला उभं राहून बॅटरी मारून बघायचं. तो खिडकीतून ओरडायचा, "धरलं?" मी म्हणायचे, "धरलं." मग तो उतरून तव्याच्या दांड्याची कडी अडकवायचा, हौद्याचा मागचा फाळका लावायचा, वायर जोडायचा. आणि सगळ्यात शेवटी ओढून बघायचं. ट्रेलरच्या चाकांखालचे ठोकळे तसेच ठेवायचे, त्याचे पुढचे पाय जमिनीला टेकलेले ठेवायचे आणि ट्रक हळूच पुढे न्यायचा. "ओढू?" "ओढ." ट्रक गुरगुरून जागीच अडला, म्हणजे जुंपणी पक्की. मगच पाय उचलायचे आणि ठोकळे काढायचे. माझे बाबा घराला कुलूप लावून तीन वेळा ओढून बघायचे, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येऊन चौथ्यांदा. त्यामुळे मला या नियमाचं कधी नवल वाटलं नाही.

पण त्या दिवशी आमच्या अबोल्याचा तिसरा दिवस होता.

अबोला हा मकरंदच्या घरचा वारसा. इचलकरंजीला त्याच्या आईवडिलांचा एकदा अकरा दिवस चालला होता. "मक्या, तुझ्या आईला सांग, भूक लागलीय." "मक्या, तुझ्या वडलांना सांग, ताट वाढलंय." दोघं एकाच खोलीत, हातभर अंतरावर, आणि सात वर्षांचा मकरंद मध्ये उभा राहून सगळं पुन्हा म्हणायचा. लग्नाच्या आधी त्याने मला हे हसत हसत सांगितलं होतं. मीही हसले होते.

आमच्याकडे निरोप्या म्हणजे जुई.

"जुई, आईला सांग, दूध संपलंय."

"जुई, बाबाला सांग, डोळे उघडून फ्रीज बघ. मागच्या कप्प्यात आहे."

पहिल्या दिवशी मला यात थोडी मजाही वाटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडी घासताना लक्षात आलं, की सकाळपासून मी जेमतेम आठ वाक्यं बोललेय, आणि सगळी जुईशी. सगळ्यात जवळचं मराठी घर ओमाहाला, सहा तासांवर. इथे मराठी बोलणारी तोंडं दोनच. ती दोन्ही बंद झाली की त्या माळावर फक्त वारा बोलायचा, ट्रेलरच्या पत्र्यावर थापा मारून. जुई माझ्या ओठांकडे टक लावून बघायची. त्या वयात मुलं बघतात तशी, आता यातून काहीतरी येईल म्हणून.

आईचा फोन आला तर म्हणाली, "जावईबापू कुठायत? आवाज नाही आला बरेच दिवस."

"कामावर गेलेत."

"या वेळी? तुमच्याकडे रात्र ना गं?"

"जास्तीचं काम आहे," मी म्हणाले. जावईबापू पलीकडे पाच फुटांवर मोजे घालत होते.

भांडणाचं कारण डोरीनने आणलं होतं. डोरीन आमची एकुलती शेजारीण. सत्तरीची, एकटी. तिचाही ट्रेलर आमच्यासारखाच, पण चाकं गवतात रुतलेली, टायरांना भेगा पडलेल्या. तिच्या गाजरांच्या केकचा तुकडा घेऊन ती आली आणि दारातूनच म्हणाली, "हनी, इतका आनंद झाला मला! वसंतात तुम्ही परत इथेच येणार, आणखी दोन वर्षं! तुझ्या नवऱ्याने तळाच्या ऑफिसात जागा राखून ठेवलीय."

मी हसून केक घेतला. दार लावलं.

मकरंद घरी आल्यावर विचारलं, "दोन वर्षं?"

"सांगणारच होतो."

"सही केलीस?"

"केतकी, कंपनीवाले उत्तर मागत होते. शुक्रवारपर्यंत मुदत होती."

"मार्चमध्ये भारतात परत जायचं ठरलं होतं आपलं. जुई बोलायला लागायच्या आत."

"जुई इथेही बोलेल की."

"कुणाशी?"

त्याने वाकून बूट काढायला घेतले. मग मी ते म्हणाले, जे मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "तवा घेताना मला विचारलंस, मकरंद. दोन वर्षं घेताना नाही विचारलंस."

तवा घेतला तेव्हा मला सातवा महिना होता. ट्रेलर आधीच घेतला होता, आता जुंपायचं साधन हवं होतं. मकरंद तीन संध्याकाळी वहीत आकडे मांडत बसला होता. ट्रेलर भरल्यावर वजन किती, त्यातलं खुंट्यावर किती येणार, ट्रक किती पेलणार. आमच्या ट्रकचा हौदा आखूड. साधी बैठक घेतली तर काटकोनात वळताना ट्रेलरचं नाक ट्रकच्या केबिनला धडकणार, म्हणून मागे सरकणारी हवी. इथपर्यंत वहीने सांगितलं. दुकानात तशा दोन होत्या. एकीत खुंट्याच्या मागून एक आडवी पट्टी सरकायची. दुसरीत दोन जबडे चारी बाजूंनी कवळायचे. मकरंद वही मिटून माझ्याकडे वळला. "कुठली?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुलाही हात लावावा लागणार तिला. बघ लावून."

मी दोन्हींचे दांडे ओढून बघितले. पट्टीवालीचा दांडा मला दोन्ही हातांनी हलेना. जबड्यांचा दांडा एका हाताने आला. "ही," मी म्हणाले. "दुसऱ्या हातात बाळ असणार."

दुकानदार मोठ्याने हसला. मकरंद हसला नाही. त्याने लगेच "ही द्या" म्हणून सांगितलं. एवढं घर, एवढं वजन, आणि माझ्या एका हातावर ठरवलं त्याने. माहेर सोडून इतक्या लांब आल्याचं त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं होतं.

तर तिसरा दिवस. ऑक्टोबरची पंधरा तारीख. थंडीत नळ फुटतात म्हणून त्या तळावर दर वर्षी त्या तारखेला दुपारी बाराला पाणी तोडतात आणि तळ बंद होतो. त्याआधी निघून हिवाळ्यापुरतं दक्षिणेला, नव्या साइटवर पोचायचं होतं. डोरीन तेवढी राहणार होती, तिचं पाणी टाकीचं.

ट्रक मागे आला. खट् असा आवाज झाला. मी वाकून बॅटरी मारली, मग बंद केली. मकरंदने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तोही काही बोलला नाही. उतरून त्याने दांड्याची कडी अडकवली, फाळका लावला, वायर जोडली. वारा असा होता की त्याच्या जाकिटाची टोपी सारखी तोंडावर येत होती. मग तो खिडकीशी जाऊन म्हणाला, "जुई, आईला सांग, पाय उचल."

मी ट्रेलरच्या नाकाजवळचं बटण दाबलं. घरघर करत दोन्ही पाय वर गेले. तोवर त्याने ठोकळे काढून मागच्या पेटीत टाकले. आणि ट्रकमध्ये बसून गाडी पुढे घेतली.

दोन हातसुद्धा गेला नसेल. आमचं घर नाकावर पडलं.

लोखंडावर लोखंड पडल्याचा तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही, ऐकायचाही नाही. खुंटा तव्यावरून सटकला, फाळका कागदासारखा दुमडला, ट्रेलरचं नाक हौद्याच्या दोन्ही भिंतींवर आदळलं. मकरंदने ब्रेक दाबला. तिथे जमिनीला किंचित उतार होता, आणि ठोकळे पेटीत होते. घर त्या भिंतींवरून करकरत पुढे सरकू लागलं, केबिनच्या मागच्या काचेकडे. त्या काचेच्या आत जुईचं डोकं होतं, तिची पिवळी टोपी.

"मकरंद!"

तीन दिवसांतला तो माझा त्याच्याशी पहिला शब्द.

घर थांबलं. नाक आणि काच यांच्यात वीतभर जागा उरली होती. ती मी नंतर हात लावून मोजली.

जुई रडली नव्हती. मकरंदने तिला बाहेर काढून माझ्याकडे दिलं, तेव्हा माझं तोंड बघून रडली. मकरंद खाली खडीवरच बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर उलटे पडलेले.

"माझी चूक," तो म्हणाला. "ओढून बघायचं राहिलं."

डोरीन गाऊनवर कोट चढवून धावत आली. काही न विचारता तिने मला आणि जुईला आपल्या ट्रेलरमध्ये नेलं, शेगडीजवळ बसवलं, माझ्या खांद्यांवर गोधडी टाकली. मग कॉफी ओतली.

"रॉय असताना आम्ही चाळीस राज्यं हिंडलो," ती म्हणाली. रॉय तिचा नवरा, चार वर्षांपूर्वी इथेच गेलेला. "तो ट्रक मागे घ्यायचा, मी बाजूला उभी. तो विचारायचा, ठीक? मी हात हलवून म्हणायचे, ठीक! हनी, काय बघायचं असतं ते मला आजतागायत माहीत नाही. त्यानेही दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. नशीब बरं होतं आमचं." मग खिडकीतून आपल्या रुतलेल्या चाकाकडे बघून म्हणाली, "म्हणून तर इथे आहे मी. तो गेल्यावर हे घर हलवायचं कसं, कुणाला ठाऊक!"

मी कप हातात धरून बसले होते. काय बघायचं असतं ते मला माहीत होतं.

दार वाजलं. मकरंद. दारातच उभा राहिला, बूट चिखलाचे म्हणून आत आला नाही. जुईकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"मी करार मोडतो," तो म्हणाला. "आजच कळवतो. मार्चमध्ये परत जाऊ. तू म्हणत होतीस तसं."

हेच मला हवं होतं. जुई माझ्या आईच्या अंगणात दुडदुडेल, शेजारच्या काकू तिला हाका मारतील, दिवसाचे दोनशे आवाज तिच्या कानावर पडतील. तीन दिवस मी या एकाच वाक्याची वाट बघत होते, आणि ते आलं होतं. मला करायचं काहीच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्यात आता माझा हात चांगला बसला होता.

"मकरंद," मी म्हणाले, "मला उजेड दिसला होता."

"कसला उजेड?"

"तव्याच्या आणि खुंट्याभोवतीच्या लोखंडी पाटीच्या मध्ये. बोटभर. बॅटरी मारली तेव्हाच. खुंटा आत शिरलाच नव्हता, जबड्यांच्या वर टेकला होता."

त्याला समजायला वेळ लागला. चेहऱ्यावरून दिसत होतं, एकेक पायरी उतरत होता तो.

"सगळं ठीक ना?" डोरीनने किटली धरून विचारलं. तिला आमचं बोलणं कुठून कळणार?

"ठीक," मकरंद तिला इंग्रजीत म्हणाला. मग मला, अगदी हळू, "बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"केतकी, जुई आत होती."

"हो."

"मी ठोकळे काढत होतो, तू बघत होतीस."

"हो. मला वाटलं, आता विचारेल. ओढायच्या आधी तरी विचारेलच. ओढू का म्हणून. मग सांगेन. एकदा तरी तू मला विचारायला हवं होतंस, एवढंच डोक्यात बसलं होतं. पाय उचलताना बटणावर बोट होतं, तेव्हाही तेच. आणि मग तू निघालास."

तो दारातून वळून गेला. दार उघडंच राहिलं. डोरीनने उठून लावलं.

मी जुईला पाजायला घेतलं. वाटलं, आता हा अबोला संपणार नाही. इचलकरंजीचे अकरा दिवस काय, आमचा जन्मभर चालेल, आणि ही पोर मध्ये उभी राहून निरोप सांगेल. खिडकीतून मकरंद दिसत होता. त्याने ठोकळे परत चाकांखाली ठोकले. पाय खाली सोडले. घरघर ऐकू येत होती, थांबत होती, परत येत होती. ट्रेलरचं नाक इंच इंच वर उठत होतं. ट्रक खालून बाहेर काढून त्याने दुमडलेला फाळका मोडून काढला आणि हौद्याच्या वाकलेल्या कडा हातोड्याने ठोकत बसला. बाराला तळाचा माणूस आला, आमचा नळ बंद केला, सगळं बघितलं आणि टोपीला हात लावून निघून गेला.

दीड वाजला असेल. मकरंद परत आला.

"जुई," तो म्हणाला, आणि थांबला. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर उचलून माझ्याकडे बघितलं.

"केतकी. ट्रकमध्ये तू बस. मागे तू घे. मी बघतो."

"मला नीट येत नाही."

"चुकलं तर पुढे घे नि परत ये. घाई नाहीये कसली."

जुईला डोरीनकडे ठेवलं. मी गाडीत चढले, सीट पुढे ओढली. आरशात तो मी उभी राहते तिथे उभा होता, हातात बॅटरी. पहिल्यांदा मी भलतीकडेच गेले. दुसऱ्यांदा खट् झालं.

"धरलं?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही.

ते किती वेळ चाललं सांगता येणार नाही, अर्धं मिनिटही नसेल. पण त्या अर्ध्या मिनिटात मला कळलं, आरशात बघत उत्तराची वाट बघणाऱ्याला काय वाटत असतं. सकाळी मी तिथे हात खिशात घालून उभी होते.

"थांब," त्याचा आवाज आला. "बघतोय." तो जवळजवळ हौद्यात शिरला होता. "नाही धरलं. उजेड दिसतोय. पुढे घे, नाक बोटभर खाली घेतो."

पुढे घेतलं. घरघर झाली. परत मागे आले. या वेळी तवा आधी पाटीला भिडला, घर किंचित वर उचललं गेल्यासारखं झालं, आणि मग खट्. आवाज मघासारखाच. नुसत्या आवाजावरून काही कळत नाही.

"धरलं?"

"धरलं. बोट घालून बघतोय, जात नाही. कडी घातली."

"ओढू?"

"ओढ."

पाळण्याला पाय लावतात तेवढाच पाय मी दाबला. ट्रक गुरगुरला, पुढे झुकला आणि अडला. मागे घरातल्या कपाटात भांडी वाजली. वरणाचं पातेलं, कुकर, जुईची वाटी, मला वेगवेगळे आवाज ओळखू आले. घर जागचं हललं नाही.

"अजून एकदा," मी म्हणाले.

"ओढ," तो म्हणाला.

निघताना जुईला बांधून मकरंद माझ्या शेजारी बसला. किल्ली मी त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली नाही. "हायवेपर्यंत तूच चालव. सरळ आहे."

"मार्चचं बोललास ते," मी म्हणाले.

"बोललोय ना. कळवतो आज."

"नको कळवू. ते घाबरून बोललायस. पुढच्या मुक्कामाला पोचू, जेवू, मग नीट विचारीन. तेव्हा काय ते सांग. नाही म्हणालास तर भांडेन, पण बोलून."

त्याने पट्टा ओढून लावला. "विचार," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मीही विचारायला हवं होतं."

मार्चमध्ये आम्ही परत आलो नाही. तिसऱ्या रात्री वही काढून बसलो, दोघांनी आकडे मांडले, आणि दोनऐवजी एक वर्ष ठरलं. ते थोडं लांबलं, चौदा महिन्यांनी आलो. जुई तोवर बोलायला लागली होती, त्याच माळावर, आमच्या दोन तोंडांच्या भरवशावर. त्या दिवसाबद्दल मकरंदने मला माफ केलं का, ते त्याने सांगितलेलं नाही. ते मात्र मीही कधी विचारलेलं नाही.

पण हे पुढचं. त्या दुपारी मी गाडी हळूहळू फाटकाकडे नेत होते, बत्तीस फूट घर पाठीशी घेऊन, आणि बाजूच्या आरशात डोरीन दिसत होती. आपल्या रुतलेल्या चाकाशेजारी, कोटाची बटणं चुकीची लागलेली. एक हात वर करून ती सारखी हलवत होती. ठीक, ठीक, ठीक.

मी भोंगा वाजवला. वळणावर ती आरशातून गेली, तेव्हाही तिचा हात वरच होता.